अश्मयुगापासून सातवाहनांपर्यंत: महाराष्ट्राच्या प्राचीन काळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुराश्मयुग, ताम्रपाषाणयुग, लोहयुग ही नावे शाळेत पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरली जातात. पुढे कधी शेतात नांगराला खापर लागते, कधी स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू होते, आणि तेच प्रश्न नव्याने पडतात. पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे शक्यतो महाराष्ट्रातील आहेत, कारण इजिप्तच्या ममींविषयी भरभरून सांगणाऱ्या अनेकांना घोड नदीकाठचे इनामगाव ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे. आधी सोपे प्रश्न आणि मग अडचणीचे, असा क्रम ठेवला असून एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रागितिहास, आद्य इतिहास आणि इतिहास यांत नेमका फरक काय?

फरक लेखनाचा आहे. ज्या काळातील माणसांनी काहीही लिहून ठेवलेले नाही तो प्रागितिहास. लेखन होते पण ते आज वाचता येत नाही, जसे सिंधू लिपीचे, किंवा त्या काळाविषयीचे वाङ्मय मौखिक परंपरेने आले आणि फार उशिरा लिहिले गेले, तो आद्य इतिहास. वाचता येणारे समकालीन लेखन हाती लागले की इतिहास सुरू होतो. महाराष्ट्रात तो इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला सुरू झाला असे मानायला हरकत नाही. सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो याच काळातील आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनांचे लेख त्यानंतरचे आहेत.

२. अश्म, ताम्र आणि लोह ही विभागणी कोणी केली?

कोपनहेगनच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या क्रिस्टियान थॉमसन यांनी. जमा झालेल्या वस्तूंचा ढीग प्रेक्षकांना समजेल असा कसा मांडावा, ही त्यांची अडचण होती. त्यांनी दगडाच्या, कांशाच्या आणि लोखंडाच्या वस्तू वेगळ्या केल्या आणि १८३६ मध्ये छापलेल्या मार्गदर्शिकेत त्यामागचा विचार मांडला. पुढे १८६५ मध्ये जॉन लबक यांनी अश्मयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग केले. कपाटे लावण्यासाठी केलेली ही सोय होती, हे लक्षात ठेवले की पुढचे अनेक घोटाळे टळतात. भारतात या अभ्यासाची सुरुवात ३० मे १८६३ रोजी झाली असे मानतात. त्या दिवशी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना चेन्नईजवळच्या पल्लवरम येथे पुराश्मयुगीन दगडी हत्यार सापडले.

३. मग अश्मयुग कोणत्या साली संपले?

असे एक साल नाही. हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर अनेकांना पटत नाही. युग ही जगण्याची रीत असते. ती एका खोऱ्यात बदलली म्हणून शेजारच्या डोंगरात बदलतेच असे नाही. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास मेसोपोटेमियातील उरुक शहरात मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहिले जात होते, तेव्हा दख्खनच्या पठारावर गारगोटीची इवलीशी पाती वापरणारे शिकारी हिंडत होते. एकाच गावातही दोन्ही गोष्टी नांदतात. ताम्रपाषाणयुगातील घरात तांब्याची एखादी कुऱ्हाड असे आणि रोजचे कापणे-चिरणे दगडी पात्यांनीच होई. 'ताम्र' आणि 'पाषाण' हे दोन्ही शब्द एकत्र आले ते याच कारणाने. म्हणून काळ सांगताना प्रदेश सांगावाच लागतो.

४. एका पुस्तकात 'इ.स.पू. १४००' असते, दुसऱ्यात 'इतक्या वर्षांपूर्वी'. शिवाय पुस्तकांतील आकडे जुळत नाहीत. कोणते खरे?

इ.स.पू. हे वर्ष उलटे मोजतात, म्हणजे इ.स.पू. १४०० हे इ.स.पू. १००० च्या आधीचे. शून्य नावाचे वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते. प्रयोगशाळेच्या अहवालात 'बीपी' असे लिहिलेले असेल तर ती वर्षे १९५० पासून मागे मोजायची असतात.

आकडे जुळत नाहीत त्याचे मुख्य कारण कार्बन-१४ पद्धतीत आहे. जिवंत प्राण्याच्या किंवा झाडाच्या शरीरात हा किरणोत्सारी कार्बन असतो. मृत्यूनंतर तो घटत जातो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. त्यावरून जळके लाकूड, धान्य, हाड यांचे वय निघते. मात्र वातावरणातील या कार्बनचे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, हे पुढे लक्षात आले आणि झाडांच्या खोडातील वर्षवलयांशी ताडून आकडे दुरुस्त करण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या मराठी पुस्तकांत बहुधा दुरुस्तीपूर्वीचे आकडे असतात. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. तेथे ज्वालामुखीची राख, गाळाचे थर अशा इतर साधनांवर विसंबावे लागते.

५. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून आहे?

काही लाख वर्षांपासून, एवढे ठामपणे म्हणता येते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर दगडी हत्यारे मिळाली. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे, असे एक मत. तिचे वय साडेसहा लाख वर्षांच्या पुढे जाते, असे दुसरे. दोन्ही बाजूंनी मापने पुढे केली असून तो वाद गाजलेला आहे. प्रवरेकाठी नेवाशाजवळच्या चिरकी येथे गुड्रुन कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने १९६० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद धारेची दगडी हत्यारे) मोठ्या संख्येने मिळाल्या. तुलनेसाठी तमिळनाडूतील अत्तिरम्पक्कम घ्यावे. तेथील अशाच हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे निघाले आहे.

येथे 'माणूस' म्हणजे आजचा माणूस नव्हे, त्याचे पूर्वीचे भाऊबंद. नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेला कवटीचा भाग अशाच एका प्राचीन मानवाचा आहे.

६. आमच्या नदीपात्रात धारदार दगड सापडतात. ते हत्यार आहे हे कसे ओळखावे?

आमच्याकडे येणारी बहुतेक छायाचित्रे पाण्याने घासलेल्या साध्या दगडांची असतात, हे आधीच सांगितलेले बरे. नदीतील दगड गोटा होतो, त्याच्या कडा बोथट होतात. माणसाने फोडलेल्या दगडावर ठोक्यांचा हिशेब दिसतो. जेथे ठोका बसला त्याच्या लगेच खाली छिलक्याच्या आतल्या बाजूस बोटाला जाणवेल असा फुगवटा येतो आणि तेथून पाण्यावरच्या तरंगांसारख्या बारीक वलयांच्या रेषा पसरत जातात. उरलेल्या दगडावर त्याच फुगवट्याची खोलगट जागा राहते. अशा खोलगट जागा दोन्ही बाजूंनी, कडेकडेने, एका आकाराच्या दिशेने गेलेल्या असतील, एक टोक निमुळते आणि दुसरे तळहातात बसेल असे जाड असेल, तर ती हातकुऱ्हाड असण्याची शक्यता धरावी.

दगडाची जातही पाहावी. दख्खनमधील जुनी मोठी हत्यारे बहुधा काळ्या पाषाणाची आहेत. नंतरची लहान हत्यारे त्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या गारगोटीच्या आणि अकिकाच्या जातींची असतात. ही जात काचेसारखी फुटते आणि तिला वस्तऱ्यासारखी धार येते. दगड जागेवरून उचलू नये. का, ते प्रश्न १९ मध्ये आहे.

७. हातकुऱ्हाडीनंतर थेट शेतीच का? मधल्या काळात काय होते?

मधला काळ फार मोठा आहे. हत्यारे लहान आणि हलकी होत गेली आणि अखेरीस नखाएवढी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवून बाण आणि विळे बनू लागले. मुंबईत कांदिवली परिसरातही अशी सूक्ष्म हत्यारे मिळाली आहेत. या काळातील आमच्या आवडीचे स्थळ म्हणजे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यातले पाटणे. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला, वय सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्यावर रेघोट्या ओढण्याइतकी उसंत माणसाला होती.

८. महाराष्ट्राच्या इतिहासात नवाश्मयुग का सांगत नाहीत?

नवाश्मयुग म्हणजे शेती, पशुपालन आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, पण धातू नाही. बलुचिस्तानात मेहरगड येथे ही अवस्था इ.स.पू. ७००० च्या सुमारास दिसते आणि कर्नाटकात राखेच्या मोठाल्या ढिगाऱ्यांसह इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मात्र आपल्याला भेटणारा पहिला शेतकरी तांबे ओळखणारा आहे. पायऱ्यांची शिडी प्रत्येक प्रदेशाने पायरी-पायरीनेच चढली पाहिजे, असा नियम नाही. येथे शेती बाहेरून आलेल्या ज्ञानाने सुरू झाली आणि त्याबरोबर धातूही आला.

९. जोर्वे संस्कृती आणि सिंधू संस्कृती या एकाच तोडीच्या होत्या का?

नाही. गोंधळ आपल्या भाषेतला आहे. मराठीत 'संस्कृती' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'सिंधू संस्कृती' म्हणताना आखीव शहरे, गटारे, वजने-मापे, मुद्रा, लिपी आणि दूरचा व्यापार असलेली नागरी व्यवस्था अभिप्रेत असते. 'जोर्वे संस्कृती' म्हणताना पुरातत्त्वज्ञाला एवढेच म्हणायचे असते की ठरावीक प्रकारची भांडी, घरे, दफनपद्धती आणि हत्यारे या काळात, या प्रदेशात एकत्र सापडतात. पहिल्या ठिकाणी 'नागरी संस्कृती' असे स्पष्ट लिहिले तर निम्मे वाद मिटतील.

शिवाय हे नाव लोकांनी स्वतःला दिलेले नाही. संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेथे ही भांडी प्रथम ओळखली गेली आणि गावाचे नाव चिकटले. लाल अंग, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, मध्ये कंगोरा असलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी; टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो, इतकी चांगली भाजणी. अशी भांडी सापडणारी दोनशेहून अधिक स्थळे आज माहीत आहेत. कोकणपट्टी आणि पूर्व विदर्भाचा भाग वगळता ती महाराष्ट्रभर पसरली आहेत.

१०. सिंधू संस्कृती महाराष्ट्रापर्यंत पोहोचली होती का?

पोहोचली होती, पण उतारवयात. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. (जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, जुन्या अहवालांत शोधताना दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत.) हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले आणि पुढील दोन दशकांत तेथे तीनदा उत्खनन झाले. सर्वांत विस्तृत उत्खनन १९७५ ते १९७९ या काळात सा. अ. साळी यांनी केले. तेथे एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले, खालून वर असे: सावळदा, उत्तर हडप्पा (म्हणजे सिंधू संस्कृतीचा उत्तरकाळ), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या बटणासारख्या मुद्रा आणि खापर मिळाले, तसेच हडप्पाच्या ४:२:१ या प्रमाणातील कच्च्या विटांनी बांधलेली कबर मिळाली.

म्हणून 'महाराष्ट्र सिंधू संस्कृतीत होता' असे म्हणू नये. शहरे मोडकळीस आल्यावर तेथील काही लोक, किंवा त्यांच्या रीतीभाती, तापी-गोदावरीच्या खोऱ्यांत उतरल्या, एवढेच यातून निघते.

११. दायमाबादचा प्रसिद्ध रथ याच हडप्पा थरातला ना?

या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणतात, पण रथ उत्खननात मिळालेलाच नाही. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर. चारही वस्तू मिळून वजन ६० किलोंहून अधिक. चाके फिरतात, म्हणजे त्या ओढत नेण्यासाठी, बहुधा मिरवणुकीसाठी, घडवलेल्या असाव्यात.

थरातून वस्तू निघाली की तिचे वय थर सांगतो. थराबाहेरच्या वस्तूला साक्षीदार नसतो. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळात बसवल्या, तर धातूत आर्सेनिकचे प्रमाण वेगळे दिसल्याने काही अभ्यासकांनी त्यांना बऱ्याच नंतरचे मानले. आमचे झुकते माप पहिल्या मताला आहे, कारण त्या काळात इतके तांबे एका ठिकाणी ओतण्याची ऐपत दख्खनमध्ये दुसऱ्या कोणाची दिसत नाही. पण याला पुरावा म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात.

१२. ताम्रपाषाणयुगातील लोक कसे राहत आणि काय खात?

याचे सर्वांत भरघोस उत्तर इनामगाव देते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या स्थळावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे उत्खनन केले, सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. येथे १३० हून अधिक घरे उघडकीस आली. वस्तीचे तीन टप्पे आहेत: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००).

पूर्व जोर्वे काळातील घर असे होते. लांबट चौकोनी जागा, बुटकी मातीची भिंत, तिच्यावर कुडाची भिंत शेणामातीने लिंपलेली, वर गवताचे छप्पर. आत चूल, धान्याच्या कणगीसाठी चोपलेला गोल ओटा, जमिनीत खणलेले पेव. शंभर वर्षांपूर्वीच्या देशावरील एखाद्या गरीब कुणब्याला या घरात फारसे काही परके वाटले नसते; फक्त फिरते जाते दिसले नसते, कारण दळण पाट्यासारख्या दगडावर घासून होई. पिकांत जव हे मुख्य. गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ हेही होते. गाई-बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरे आणि कुत्री पाळलेली होती. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मांस खाल्ले जात होते; शिवाय हरणांची शिकार आणि नदीतील मासे.

सगळी घरे सारखी नव्हती. कुंभार, सोनार, मणी घडवणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला, तर सधन शेतकऱ्यांची मध्यभागी. मध्यावर पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. नदीचे पाणी वळवण्यासाठी पाट खणून त्याला बांध घातलेला होता. असा पाट एकट्या कुटुंबाला खणता येत नाही, म्हणून हुकूम देणारा कोणीतरी होता, असे ढवळीकर मानतात.

एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी मिळाली. तिच्या आत कच्च्या मातीची शीर नसलेली स्त्रीमूर्ती होती, सोबत मातीचा बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. काडी घातली की मूर्ती बैलावर बरोबर बसे. डबीच्या झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती होती, तिला शीर होते. हा कुळाचार होता, नवस होता की आणखी काही, यावर लोक पानेच्या पाने लिहितात. आम्हाला त्या काडीचे भोकच अधिक बोलके वाटते.

१३. ते मृतांचे पाय तोडून पुरत, हे खरे आहे का?

खरे आहे. जोर्वे काळातील प्रौढ व्यक्तीला घरातच किंवा अंगणात खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरत, आणि घोट्याखालची पावले पुरण्याआधी तोडलेली असत. मृताने भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. घरच्या माणसाला घराच्या जमिनीखाली ठेवण्याची रीत पाहता 'त्याने आपल्याला सोडून जाऊ नये' असाही अर्थ लावता येतो. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी ठेवून त्यांत पुरत. अशीच रीत कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांत दिसते.

नियमाला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. प्रश्न १२ मधील पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण मिळाला. त्यात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. गावप्रमुखाचा मान वेगळा होता, असा याचा अर्थ लावतात.

नेवासे येथील एका मुलाच्या दफनाचा उल्लेख येथेच करतो. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. दोरा कधीच कुजून गेला असता, पण तांब्याच्या क्षारांमुळे त्याचे तंतू टिकले आणि तपासणीत ते सूत आणि रेशीम निघाले.

१४. ही गावे ओस का पडली?

इ.स.पू. १००० च्या सुमारास जोर्वे काळातील बहुतेक वस्त्या उठल्या. इनामगाव आणखी तीनशे वर्षे तगले, पण हलाखीत. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शेती घटली, शिकार वाढली. पाऊसमान घटल्यामुळे शेतकरी अर्धभटके झाले, अशी ढवळीकर यांची मांडणी आहे आणि पर्जन्यछायेतील शिरूर तालुका पाहिलेल्या माणसाला ती सहज पटते. मात्र लागोपाठच्या पिकांनी आणि गुरांच्या चराईने जमिनीचा कस गेला असणे, किंवा लोक अधिक पावसाच्या भागात सरकले असणे ही कारणेही सोबत असू शकतात. एका दुष्काळाने गाव उठते, सगळा प्रदेश उठत नाही.

१५. विदर्भातील दगडांची वर्तुळे याच लोकांनी रचली का?

तसे दिसत नाही. नागपूरजवळचे जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळे ही लोहयुगातील दफनस्थळे आहेत, सर्वसाधारणपणे इ.स.पू. ८०० ते ४०० या काळातील. मोठ्या दगडांच्या वर्तुळात मुरूम-मातीचा ढीग, खाली माणसाची हाडे, लोखंडी कुऱ्हाडी आणि सुऱ्या, कोठे घोडा आणि त्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. घरात पुरणारे जोर्वे शेतकरी आणि गावाबाहेर वर्तुळे रचणारे घोडेस्वार यांच्या रीती वेगळ्या आहेत. काळ मात्र थोडा एकमेकांवर चढतो: माहुरझरीत लोखंड ठोकले जात होते, तेव्हा इनामगावात शेवटच्या झोपड्या उभ्या असणे शक्य आहे.

१६. कोकणातील कातळशिल्पे कोणत्या युगातली?

जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेल्या या आकृतींना नेमके साल देणे अवघड आहे, कारण प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या पद्धतीला लागणारा कोळसा किंवा हाड उघड्या कातळावर मिळत नाही. मध्याश्मयुगापासून (प्रश्न ७ मधील सूक्ष्म हत्यारांचा काळ) ऐतिहासिक काळाच्या आरंभापर्यंत निरनिराळे अंदाज मांडले गेले आहेत. आकृत्यांत गेंडा आहे, जो आज कोकणात नाही, आणि राजापूर तालुक्यातील कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे, ज्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. पिके किंवा शेतीची कामे दिसत नाहीत, म्हणून कोरणारे शिकारी असावेत असा तर्क करतात. कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी यांसह महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गोव्यातील स्थळ कुशावती नदीकाठचे फणसायमळ, म्हणजेच उसगाळीमळ.

१७. इनामगावचे लोक मराठी बोलत होते का? ते आर्य होते की द्रविड?

मराठी निश्चितच नाही. ती ज्या महाराष्ट्री प्राकृतातून पुढे आली, त्या प्राकृताचाही लिखित पुरावा इनामगाव ओस पडल्यावर काही शतकांनी मिळतो. राहिला दुसरा प्रश्न. 'आर्य' आणि 'द्रविड' हे मुळात भाषाकुलांविषयीचे शब्द आहेत, आणि मडक्याला भाषा नसते. जोर्वे स्थळांवर लेखन मिळालेले नाही. भांड्यांच्या आकारावरून किंवा कवटीच्या मापावरून भाषा सांगण्याचे प्रयत्न झाले, ते टिकले नाहीत. या प्रश्नावर कोणी छातीठोक उत्तर देत असेल, तर त्याचा पुरावा कोणत्या थरातून निघाला, हे आधी विचारावे.

१८. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा आपल्याकडे काय होते?

खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा. तेव्हा मोहेंजोदडो आणि हडप्पा भरात होती, पण महाराष्ट्रात शेतकरी वस्त्यांची सुरुवातही व्हायची होती. सावळदा काळ इ.स.पू. २२०० च्या आसपास येतो. बाबिलोनचा हम्मुराबी (इ.स.पू. १७९२ ते १७५०) कायदे कोरून घेत होता, तेव्हा दायमाबादेत वस्ती होती, इनामगावात नव्हती. तुतनखामुन इ.स.पू. १३३० च्या सुमारास गादीवर होता आणि चीनमध्ये शांग राजे इ.स.पू. १२५० नंतर हाडांवर प्रश्न कोरून शकुन पाहत होते. तो इनामगावच्या कोठाराचा आणि पाटाचा काळ. अशा तुलनेने कोणी ओशाळू नये की फुशारकी मारू नये. नाईलच्या गाळावर जगणे आणि घोड नदीच्या काठी जगणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

१९. आमच्या शेतात खापरे, मणी, हाडे निघतात. काय करावे? ठेवून घेतले तर चालते का?

देशावर जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढर' म्हणतात, पिकाऊ जमिनीला 'काळी'. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचून ती पांढुरकी होते. ही माती शेतात खत म्हणून आणि धाब्याच्या छपरावर घालायला चांगली, म्हणून बैलगाड्या भरभरून नेली गेली आणि कितीतरी स्थळे अशीच संपली. आता तेच काम जेसीबी एका दुपारात करतो.

कायद्याचे म्हणाल तर, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दहा रुपयांची मर्यादा ऐकून हसू येते, पण कायदा लागू आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खाजगी निर्यात बंद आहे. संरक्षित स्थळावर विनापरवाना खणणे हा गुन्हा आहे.

व्यवहारात पुढीलप्रमाणे करावे. वस्तू धुऊ नये आणि जोडू नये. ती होती तेथेच ठेवून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे. किती खोलीवर मिळाली, मातीचा रंग कसा होता, शेजारी राख किंवा दगडांची रांग होती का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. मग तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयाला आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. जमीन जाईल या भीतीने अनेक जण गप्प बसतात. खबर दिल्याने जमिनीची मालकी आपोआप बदलत नाही. वस्तू घरी आणून शोकेसमध्ये ठेवली, तर दायमाबादच्या रथाची जी अडचण झाली (प्रश्न ११) तीच तिची होते. काम सुरू असेल तर निदान तेवढा वाफा सोडून पुढे नांगरावे.